विश्लेषण : नांदेडचे ५१६ फोटो आणि औंढ्याची लायगो; यंत्राला खरे-खोटे कोण शिकवते?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा २०३०पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे. तिच्याबद्दल बोलताना आपण जमीन, रस्ते आणि २,६०० कोटी रुपये यांवरच थांबतो. प्रत्यक्षात तिथे आकाशाकडे रोखलेली दुर्बीण नसेल. असतील ते लेझर, आरसे, गोंगाटाने भरलेले आकडे आणि त्यातून खरे काय ते निवडणारे संगणक. हे निवडण्याचे काम तिथून साधारण दीड तासावरच्या नांदेडमध्ये आधीच झाले आहे, मात्र वेगळ्या कारणासाठी : मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांच्या फोटोंवर. दोन्हीकडची युक्ती बरीचशी एक आहे आणि अडचणही.

आधी लातूरची डाळ...

किराणा दुकानात ‘सॉर्टेक्स’ तूरडाळ मागितली की एकसारख्या रंगाची, निवडलेली डाळ मिळते. सॉर्टेक्स हे मुळात एका यंत्राचे नाव. आता रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रांना आणि त्यातून निघालेल्या डाळीलाही बाजारात तेच नाव पडले आहे. लातूरसारख्या डाळ मिलच्या गावात हे नवे सांगायला नको. डाळ पन्हाळीवरून घसरत येते, कॅमेरा दाणा टिपतो, तो ठरवलेल्यापेक्षा काळपट निघाला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. पापणी लवायच्या आत.

इमेज प्रोसेसिंग म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला सापडले नाही. कॅमेऱ्याला डाळ दिसत नाही, आकडे दिसतात. प्रत्येक बिंदू किती उजळ, किती लाल, किती हिरवा, एवढेच. त्या आकड्यांवर एक मर्यादा लावली जाते. मर्यादा कडक केली तर चांगला दाणाही उडतो आणि मिलवाल्याचे नुकसान होते. सैल केली तर काळा दाणा पोत्यात जातो. ‘काळा’ म्हणजे किती काळा, हे मात्र यंत्र ठरवत नाही. ते ऑपरेटर ठरवतो.

डाळीत चूक झाली तर फार तर गिऱ्हाईक तक्रार करते. डोळ्यात चूक झाली तर?

नांदेडच्या ५१६ फोटोंत काय आहे?

मधुमेह बरीच वर्षे राहिला, साखर आटोक्यात नसली, की डोळ्याच्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनाच्या, बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना फुगवटे येतात, त्या पाझरतात, रक्त सांडते. या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. यातली वाईट गोष्ट अशी, की सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. नजर अंधूक झाली म्हणून तो डॉक्टरकडे जातो तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. म्हणून मधुमेह असलेल्याने त्रास नसतानाही वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, असे डॉक्टर सांगतात.

पडद्याचा फोटो फंडस कॅमेऱ्याने काढतात. हा कॅमेरा म्हणजे कॅमेरा जोडलेला कमी ताकदीचा सूक्ष्मदर्शकच. फक्त काचपट्टीच्या जागी जिवंत माणसाचा डोळा असतो. नांदेडमधील एका नेत्र रुग्णालयात असे काढलेले ५१६ फोटो विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतील संशोधकांनी निवडले. प्रसन्ना पोरवाल, डॉ. मनेश कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ते ‘इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट’ या नावाने जगासाठी खुले केले. संशोधकांच्या जगात हा संच ‘आयड्रिड’ म्हणून ओळखला जातो. भारतीय रुग्णांचे प्रतिनिधित्व करणारा अशा प्रकारचा हा पहिलाच संच, असे त्यांनी तेव्हा मांडले होते.

फोटो काढणे हा त्यातला सोपा भाग होता. एका फोटोची लांबी-रुंदी ४२८८ बाय २८४८ बिंदू, म्हणजे एकेका फोटोत सुमारे १ कोटी २२ लाख बिंदू. ५१६ फोटोंना आजाराच्या तीव्रतेनुसार ० ते ४ अशी श्रेणी दिली गेली. त्यातल्या ८१ फोटोंवर त्याहून किचकट काम झाले : कोणता बिंदू रक्तवाहिनीच्या फुगवट्याचा, कोणता सांडलेल्या रक्ताचा, कोणता पिवळट साक्याचा, कोणता कापसासारख्या पांढुरक्या डागाचा, हे बिंदूबिंदूने रेखाटले गेले. सर्वांत लहान फुगवटा केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो आणि फोटोत तो धुळीच्या कणासारखा दिसतो. कोणीतरी खुर्चीत बसून, स्क्रीनवर फोटो मोठा करून, हे सारे हाताने केले आहे. एआयच्या बातम्यांत हा माणूस सहसा नसतो.

या संचावर आधारित स्पर्धा एप्रिल २०१८मध्ये वॉशिंग्टनमधील वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाली. ४९५ नोंदण्या आणि १४८ प्रवेशिका आल्या. पुढे याच संस्थेतून ३,२०० फोटोंचा आणि डोळ्यांच्या ४६ विकारांच्या नोंदींचा आणखी एक संच आला. आज जगात कुठेही रेटिनाच्या एआयवर काम करणारा विद्यार्थी आपला प्रोग्राम बरा आहे की वाईट, हे तपासायला अनेकदा नांदेडकरांच्या डोळ्यांचे फोटो उघडतो. नांदेडमध्ये हे किती जणांना ठाऊक आहे, हा वेगळा प्रश्न.

यंत्र रक्तवाहिनी ओळखते कशी?

आता बहुतेक काम न्यूरल नेटवर्क करतात. पण त्यामागची मूळ कल्पना जुनी आणि समजायला सोपी आहे. १९८९मध्ये सुभाशिष चौधुरी आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हेच चौधुरी पुढे आयआयटी मुंबईचे संचालक झाले. त्यांनी म्हटले, रक्तवाहिनी आडवी कापून तिचा उजेड मोजला तर मध्यभागी काळोख आणि दोन्ही कडांना हळूहळू उजेड असा उलट्या घंटेसारखा आकार मिळतो. मग तसाच एक साचा तयार करा. वाहिनी कोणत्याही दिशेला वळते, म्हणून १५-१५ अंशांनी फिरवलेले १२ साचे करा. हे साचे फोटोवर सगळीकडे सरकवा. जिथे साचा आणि फोटो चपखल जुळतील तिथे वाहिनी आहे.

याला मॅच्ड फिल्टर म्हणतात. अभियांत्रिकीला असताना याची सिद्धता मी परीक्षेसाठी पाठ केली होती. ती कशासाठी वापरतात हे वर्गात कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

या युक्तीत एक गोम आहे. यंत्राला तुम्ही जे शोधायला सांगाल ते, आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरेही, सापडते. पिवळट साक्याची कड किंवा प्रकाशाची एखादी रेघही साच्यात बसते आणि यंत्र तिला वाहिनी समजते. साच्यांऐवजी एआय आणले तरी गोम जात नाही, फक्त दिसेनाशी होते. कारण एआय आपला साचा स्वतः बनवते, पण माणसाने रेखाटून दिलेल्या फोटोंवरूनच.

हीच युक्ती औंढ्यात कशी?

चौधुरींच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १९९१मध्ये, पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी असाच प्रश्न आकाशाच्या बाबतीत सोडवायला घेतला. एकमेकांभोवती फिरत धडकणाऱ्या दोन ताऱ्यांतून गुरुत्वीय लहर निघाली, तर गोंगाटात ती ओळखायची कशी? त्यांचे उत्तर : लहरीचा आकार आधी गणिताने काढा, वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी त्याचे साचे बनवा आणि यंत्रातून येणाऱ्या आकड्यांवर सरकवत राहा. किती साचे लागतील आणि दोन साच्यांत किती अंतर ठेवले तर लहर निसटणार नाही, याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या वेळी अमेरिकेत लायगोची बांधणीही सुरू झालेली नव्हती.

डोळ्याच्या बाबतीत रक्तवाहिनी दिसते कशी, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. कृष्णविवरांची टक्कर कोणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे साचा बनवण्यासाठी आइन्स्टाइनची समीकरणे संगणकावर सोडवावी लागतात. ती इतकी अवघड निघाली, की दोन कृष्णविवरे फिरून एकत्र येण्याची पूर्ण आकडेमोड पहिल्यांदा जमली ती २००५मध्ये, फ्रान्स प्रिटोरियस यांना. त्याच्या ३५ वर्षे आधी, १९७०मध्ये, सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी संगणकावर कृष्णविवराकडे एक लहर सोडून पाहिली होती. धक्का बसलेले कृष्णविवर ठोकलेल्या घंटेसारखे घुमते आणि लगेच शांत होते, हे त्या आकडेमोडीत दिसले. हेच विश्वेश्वरा पुढे बेंगळुरूच्या नेहरू तारांगणाचे संस्थापक संचालक झाले. लायगोने १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या आणि सप्टेंबरमध्ये जाहीर केलेल्या अतिशय स्पष्ट लहरीत तो नाद इतका सुस्पष्ट होता, की हॉकिंग यांचा नियमही त्यावर तपासता आला : दोन कृष्णविवरे मिळून एक झाली, तरी पृष्ठभागाचे क्षेत्रफळ कमी होत नाही.

लायगोच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी आली तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. लहर आधी लुइझियानातील लिव्हिंग्स्टनला पोहोचली आणि ७ मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डला. त्या काळात शोधासाठी सुमारे अडीच लाख साचे वापरात होते.

गंमत अशी, की ती पहिली लहर साच्यांनी आधी पकडलीच नाही. दुसऱ्या एका प्रोग्रामने मिनिटांतच तिची सूचना दिली. हा प्रोग्राम कोणता आकार शोधायचा हे ठरवून बसत नाही. वेळ आणि वारंवारिता यांचा तक्ता करतो आणि दोन्ही वेधशाळांच्या तक्त्यांत एकाच वेळी उजळलेले चौकोन आहेत का, एवढेच पाहतो. म्हणजे एक प्रकारे फोटोच पाहतो. साच्यांनी नंतर खात्री पटवली.

इथे फोटो कुठून आले?

लायगोच्या आकड्यांचा असा तक्ता रंगवला की तयार होते ते चित्र : आडवी वेळ, उभी वारंवारिता आणि जिथे ऊर्जा जास्त तिथे उजळ रंग. खरी लहर त्यात खालून वर झपाट्याने चढणाऱ्या रेघेसारखी दिसते. आवाजात रूपांतर केले तर चढत जाणाऱ्या शिळेसारखी ऐकू येते. पण या चित्रात इतरही बरेच काही उजळते. कुठे बारीक टिपका, कुठे कमानी, कुठे माशाच्या आकाराचा डाग. यांना ‘ग्लिच’ म्हणतात आणि ते तिथल्याच यंत्रांतून, जमिनीतून, हवेतून येतात. हॅनफर्डला एकदा शोध घेता घेता तहानलेल्या डोमकावळ्यांपर्यंत पोहोचावे लागले : थंड नळ्यांवर साचलेला बर्फ ते चोचीने टोचत होते.

१७ ऑगस्ट २०१७ची घटना याबाबत सगळे सांगून जाते. १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक झाली. हॅनफर्डच्या संगणकाने सूचना दिली. लिव्हिंग्स्टनमधून काहीच नाही. धडकेच्या क्षणाच्या सव्वा सेकंदाहूनही कमी वेळ आधी तिथे एक जोरदार ग्लिच आला होता आणि खराब आकडे बाद करण्याच्या नियमानुसार संगणकाने तो भागच बाजूला टाकला होता. काळ्या दाण्याबरोबर चांगला दाणा उडाला, तसे. शास्त्रज्ञांनी चित्र उघडले, तर डागाच्या आरपार चढत गेलेली रेघ नुसत्या डोळ्यांना दिसत होती. ग्लिच वेगळा काढून आकाशातील जागेचा नकाशा तयार झाला आणि धडकेनंतर सुमारे ११ तासांनी चिलीतील दुर्बिणीला ती जागा सापडली. यंत्राच्या ‘नाही’वर विश्वास ठेवून सगळे घरी गेले असते, तर सोने-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा धडकांतही तयार होतात याचा तो भक्कम पुरावा हातचा गेला असता.

ग्लिच ओळखायला संगणकाला शिकवण्यासाठी ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा प्रकल्प २०१६मध्ये सुरू झाला. त्यात सामान्य लोक चित्र पाहून सांगतात हे कोणत्या जातीचे, आणि त्यावरून न्यूरल नेटवर्क शिकते. ‘ब्लिप’, ‘व्हिसल’, ‘कोई फिश’ ही नावे तिथलीच. नांदेडच्या ८१ फोटोंवर जे झाले तेच हे काम, फक्त चित्रात डोळ्याच्या जागी विश्वाचा गोंगाट आहे.

सूक्ष्मदर्शकाचाही इथे थेट संबंध आहे. लायगोच्या ४० किलो वजनाच्या आरशांच्या लेपावर केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून बारीक ठिपके आढळले. भुजांमध्ये साठणाऱ्या प्रचंड लेझर ऊर्जेने ते तापतात, त्या जागी आरसा किंचित फुगतो आणि प्रकाश विस्कटतो. रेटिनावरचा ठिपका असो की आरशावरचा, तो वेळेत सापडावा लागतो.

हिंगोलीच्या भूकंपांचे काय?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ४.५ रिश्टरचा आणि पाठोपाठ ३.६चा धक्का, मग १० जुलैला पुन्हा ४.५चा. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, थरथराट नांदेड-परभणीपर्यंत. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट ज्या घरांनी पाहिली, त्यांना यात कुतूहल वाटत नाही, भीती वाटते. लायगो इथे कशी चालेल, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

अमेरिकेतील अनुभव असा : आरसे चार पायऱ्यांच्या लोलकाला टांगलेले असतात, आणि तो लोलक धक्का मोजून उलट दिशेने हलणाऱ्या व्यासपीठाला जोडलेला असतो. तरीही दूरदेशीच्या मोठ्या भूकंपाने लेझरची जुळणी तुटते आणि निरीक्षण थांबते. म्हणून भूकंपलहरी पोहोचण्याआधी सूचना देणारी आणि नियंत्रण ‘भूकंप मोड’मध्ये नेणारी संगणकप्रणाली वापरली जाते. म्हणजे इथेही उत्तर सिमेंटइतकेच आकडेमोडीत आहे. औंढ्याची जमीन, तिथले ट्रॅक्टर, पावसाळी गडगडाट हे ग्लिचच्या चित्रात कसे दिसतील, हे हॅनफर्डवर शिकलेल्या एआयला माहीत असणार नाही. ते नव्याने शिकवावे लागेल.

नांदेड-लातूरकरांचे यात काय?

एक, डोळे. एआयवर पडदा तपासणारी यंत्रे आता शिबिरांत येऊ लागतील आणि यावीत. तालुक्याला नेत्रतज्ज्ञ मिळत नाही तिथे त्यांचा उपयोग आहे. पण थायलंडमध्ये गुगलच्या अशाच प्रणालीची दवाखान्यांत चाचणी झाली तेव्हा परिचारिकांनी काढलेल्या फोटोंपैकी पाचातला एक यंत्राने वाचायलाच नकार दिला. खोलीतला उजेड, घाई, कॅमेऱ्याची काच, कारणे साधी होती. प्रयोगशाळेत तीच प्रणाली उत्तम होती. म्हणून शिबिरात ‘एआयने तपासले, सगळे ठीक’ असे सांगितले गेले, तर दोन प्रश्न जरूर विचारा : फोटो नीट आला होता का, आणि शंका आली तर पुढे कोणत्या डॉक्टरकडे पाठवणार? माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसलेले शिबिर हे निम्मेच शिबिर.

दोन, मुले. दहावी झाली की नीट-जेईईसाठी लातूर गाठायचे आणि नंतर पुणे-बेंगळुरूची गाडी पकडायची, ही आपली रुळलेली वाट. वेधशाळा झाल्यावर स्थानिकांना काम मिळेल, असे प्रत्येक भाषणात सांगितले जाते. पण सुरक्षारक्षक आणि वाहनचालक यांच्यापलीकडचे काम हवे असेल, तर ते सिग्नल प्रोसेसिंग, आकडेवारी, प्रोग्रामिंग यांत आहे आणि त्यासाठी २०३०ची वाट पाहायची गरज नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही शाखा आहेत, विष्णुपुरीत इमेज प्रोसेसिंगचा वर्षांचा अनुभव आहे, आयुकात लायगोच्या आकडेमोडीसाठी ‘सारथी’ हा संगणकसमूह चालतो. ही तिन्ही ठिकाणे एका धाग्यात ओवणारा अभ्यासक्रम सुरू करायला इमारत लागत नाही. मे २०२५मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिथल्या दोनपैकी एक लायगो बंद करण्याची सूचना आली होती, हे लक्षात घेता हा अनुभव इथे तयार होण्याची निकड वाढलीच आहे.

लायगोची निरीक्षणे ठरावीक काळाने सर्वांसाठी खुली केली जातात. २०१५च्या पहिल्या लहरीची ३२ सेकंदांची फाइल, सेकंदाला ४,०९६ आकडे या हिशेबाने, व्हॉट्सअॅपवरच्या एक-दोन फोटोंएवढी आहे. ती ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’च्या संकेतस्थळावर मिळते, सोबत पायथनमधले धडेही आहेत, साध्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये, ब्राउझर उघडून ते चालवता येतात. आयड्रिडचे फोटोही नोंदणी करून उतरवता येतात. आणि ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ला ना पदवी लागते ना पायथन : झूनिव्हर्सच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, चित्र पाहायचे, जात निवडायची. फक्त सूचना इंग्रजीत आहेत. त्यांचे मराठी करण्याचे काम औंढ्यातल्या किंवा नांदेडच्या एखाद्या कॉलेजने घेतले, तर एका सेमिस्टरचा प्रकल्प म्हणून ते पुरेसे आहे.